जुन्या घड्याळांच्या संग्राहकांसाठी माहितीची विश्वसनीय साधने : मराठवाड्याच्या विशेष संदर्भात एक विवेचन

सारांश

जुन्या घड्याळांचा संग्रह हा केवळ हौसेचा विषय नसून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे ते एक दुर्लक्षित साधन आहे. मात्र घड्याळाविषयी उपलब्ध होणारी बरीचशी माहिती विक्रेत्याच्या बोलण्यातून किंवा ऐकीव गोष्टींतून आलेली असते. प्रस्तुत लेखात घड्याळाविषयीच्या माहितीच्या साधनांचे वर्गीकरण केले असून, निर्मिती, विक्री आणि मालकी या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या साधनांतून कशी शोधावीत व ती एकमेकांशी कशी ताडून पाहावीत, याचे विवेचन लातूर-नांदेड परिसरातील परिस्थिती समोर ठेवून केले आहे.

बीजशब्द : घड्याळ-संग्रह, संदर्भसाधने, एचएमटी, वेस्ट एंड वॉच कंपनी, फसली सन, साधनांची पारख.

प्रस्तावना

मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत घड्याळाला एक विशिष्ट स्थान होते. लग्नात जावयाला दिले जाणारे घड्याळ, सेवानिवृत्तीच्या समारंभात शिक्षकाला शाल-श्रीफळासह मिळालेले घड्याळ, रेल्वेतील नोकरीमुळे घरात आलेले खिशातील घड्याळ, अशा कितीतरी वस्तू आजही कपाटांतून पडून आहेत. त्यांच्याबरोबर असणारी पावती, हमीपत्र किंवा पत्रव्यवहार मात्र बहुधा शिल्लक राहिलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील अनेक गावांतील घरे उद्ध्वस्त केली. घरांबरोबर कागदपत्रेही मातीत गेली. अशा स्थितीत हाती उरलेल्या वस्तूवरूनच तिचा इतिहास शोधण्याची वेळ अभ्यासकावर येते.

दुसरीकडे जुन्या यांत्रिक घड्याळांना गेल्या काही वर्षांत चांगली मागणी आली आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिल्यानंतर तिच्या घड्याळांविषयीचे कुतूहल वाढले. मागणीबरोबर बनावटही वाढते. त्यामुळे योग्य माहिती कोठे मिळेल, हा प्रश्न संग्राहकाइतकाच इतिहासाच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे

१. घड्याळांविषयीच्या माहितीच्या साधनांचे वर्गीकरण करणे.
२. प्रत्येक साधनाचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करणे.
३. मराठवाड्यात उपलब्ध होऊ शकणाऱ्या विशेष साधनांकडे लक्ष वेधणे.
४. महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या कामाची दिशा सुचविणे.

तीन स्वतंत्र प्रश्न

'हे घड्याळ केव्हाचे ?' हा प्रश्न वरवर एक वाटला तरी त्यात तीन प्रश्न सामावलेले असतात. घड्याळ केव्हा व कोठे तयार झाले, हा निर्मितीचा प्रश्न होय. ते केव्हा व कोणामार्फत विकले गेले, हा विक्रीचा प्रश्न होय. ते कोणाकडे व कसे आले, हा मालकीचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर बहुतांशी घड्याळातच असते, दुसऱ्याचे छापील व व्यापारी कागदपत्रांत आणि तिसऱ्याचे कुटुंबाच्या स्मृतीत. एका प्रश्नासाठी उपयुक्त असलेले साधन दुसऱ्या प्रश्नासाठी वापरले की चूक होते. 'आजोबांना १९४० साली मिळाले' हे विधान मालकीविषयी खरे असू शकते. त्यावरून घड्याळ १९४० साली तयार झाले असे मात्र सिद्ध होत नाही.

१. प्रत्यक्ष वस्तू

माहितीचे पहिले आणि सर्वांत जवळचे साधन म्हणजे स्वतः घड्याळ होय. त्याची तबकडी, काटे, केस, मागचे झाकण आणि आतील यंत्र (घड्याळजींच्या भाषेत 'मशीन') यांचे स्वतंत्रपणे निरीक्षण करावे लागते. कारण हे भाग वेगवेगळ्या काळांतील असू शकतात.

यंत्रावर, विशेषतः बॅलन्स चाकाच्या खालच्या बाजूस, यंत्र बनविणाऱ्या कारखान्याची खूण व कॅलिबरचा क्रमांक कोरलेला असतो. तबकडीवर ज्याचे नाव आहे त्यानेच यंत्र बनविले असेल असे नाही. स्वित्झर्लंडमध्ये ए. शील्ड, फाँतेनमेलाँ, एटा यांसारखे कारखाने अनेक कंपन्यांना तयार यंत्रे पुरवीत असत. म्हणून तबकडीवरील नाव आणि यंत्रावरील खूण या दोन्ही नोंदविणे आवश्यक ठरते.

चांदीच्या केसवरील मुद्राही बोलक्या असतात. स्वित्झर्लंडमधील जुन्या पद्धतीत अस्वलाची मुद्रा ०.८७५ शुद्धतेच्या चांदीसाठी आणि रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची मुद्रा ०.८०० शुद्धतेसाठी वापरली जाई. इंग्लंडमधील केसवर सिंहाची मुद्रा, परीक्षण झालेल्या शहराची खूण आणि वर्षाचे अक्षर अशा तीन गोष्टी आढळतात. लंडनसाठी बिबट्याचे मुख, तर बर्मिंगहॅमसाठी नांगर ही खूण होती. वर्षाचे अक्षर केसच्या परीक्षणाचे वर्ष सांगते, यंत्राचे नव्हे, ही मर्यादा येथे ध्यानात ठेवावी लागते.

घड्याळ उघडण्याचे काम जाणकार घड्याळजीकडूनच करून घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा लेप असे. चमक नाहीशी झाली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, कारण या रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्या लेपाची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे धोक्याचे असते.

२. उत्पादकांचे अभिलेख

काही कंपन्यांनी आपल्या उत्पादनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. स्वित्झर्लंडमधील सँ-इमिए येथील लाँजीन या कंपनीकडे १८६७ पासूनच्या नोंदवह्या आहेत. यंत्रावरील अनुक्रमांकावरून ते घड्याळ केव्हा व कोणत्या प्रतिनिधीकडे पाठविले गेले, हे अशा नोंदींतून कळू शकते. भारतीय संग्राहकासाठी याचे महत्त्व विशेष आहे. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या नावाने विकल्या गेलेल्या जुन्या घड्याळांपैकी अनेकांत लाँजीनची यंत्रे आढळतात. 'सोवार' म्हणजे स्वार हे या कंपनीचे गाजलेले नाव होते.

ज्या कंपन्यांचे अभिलेख सहज उपलब्ध नाहीत, त्यांच्या बाबतीत अनुक्रमांकाची रचना समजून घ्यावी लागते. जपानच्या सेको कंपनीच्या मागच्या झाकणावरील अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक दर्शवितो आणि दुसरा महिना दर्शवितो; ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबरसाठी अक्षरे किंवा शून्य यांचा वापर दिसतो. परंतु '७' हा अंक १९६७, १९७७ किंवा १९८७ यांपैकी कोणत्याही वर्षाचा असू शकतो. तेव्हा ते कॅलिबर कोणत्या दशकांत तयार होत होते हे पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. शिवाय झाकण दुसऱ्या घड्याळाचे असल्यास तो निर्णयही चुकतो. एकाच साधनावर विसंबून राहणे किती अपुरे असते, याचे हे साधे उदाहरण होय.

३. समकालीन मुद्रित साधने

एखादे मॉडेल बाजारात असतानाच छापले गेलेले साहित्य हे पुढच्या काळातील आठवणींपेक्षा अधिक भरवशाचे असते. सूचीपत्रके, किंमतपत्रके, हमीपत्रे, सुट्या भागांच्या याद्या आणि नियतकालिकांतील जाहिराती यांचा यात समावेश होतो. १८८१ पासूनचा 'केसरी', १९२० मध्ये सुरू झालेले 'किर्लोस्कर' मासिक, आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये हैदराबादेतून सुरू केलेला 'मराठवाडा' आणि विविध दिवाळी अंक यांचे जुने अंक या दृष्टीने चाळण्यासारखे आहेत. एरवी वाचक लेखांसाठी अंक पाहतो. संग्राहकाने जाहिरातींची पाने पाहावीत. तेथे मॉडेलचे नाव, चित्र, किंमत आणि विक्रेत्याचा पत्ता अशा चार गोष्टी एकत्र मिळू शकतात. अंकाची तारीख निश्चित असल्याने त्या मॉडेलची विक्री किमान त्या तारखेस होत होती, एवढे खात्रीने म्हणता येते.

बांधणी करताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत काही ग्रंथालयांत होती. त्यामुळे बांधीव खंडात जाहिरात आढळली नाही म्हणून ती नव्हतीच, असा निष्कर्ष काढू नये.

एकस्व अर्थात पेटंट हेही असेच समकालीन साधन आहे. स्वित्झर्लंडमध्ये पेटंटची नोंदणी १८८८ मध्ये सुरू झाली. यंत्रावर किंवा केसवर क्रॉसच्या खुणेसह पेटंटचा क्रमांक असल्यास युरोपीय पेटंट कार्यालयाच्या मुक्त संगणकीय संग्रहात तो शोधता येतो. पेटंटच्या तारखेमुळे घड्याळाच्या काळाची वरची नव्हे, तर खालची मर्यादा ठरते. म्हणजेच त्याआधी ते घड्याळ तयार झालेले नसावे, एवढेच त्यावरून कळते.

४. संदर्भग्रंथ, सूची आणि संस्था

कालनिर्णयासाठी मान्यता पावलेले काही ग्रंथ आहेत. जी. एच. बेली यांचा 'वॉचमेकर्स अँड क्लॉकमेकर्स ऑफ द वर्ल्ड' हा १९२९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रंथ जुन्या कारागिरांची नावे व काळ देतो. डोनाल्ड डी कार्ल यांचे 'प्रॅक्टिकल वॉच रिपेअरिंग' हे पुस्तक दुरुस्तीसाठी लिहिलेले असले, तरी यंत्राच्या भागांची ओळख करून घेण्यासाठी अभ्यासकालाही उपयोगी आहे. स्विस यंत्रांच्या सुट्या भागांची जुनी सूचीपत्रके यंत्राचा व्यास आणि चावी ओढण्याच्या यंत्रणेतील पट्टीचा आकार यांवरून कॅलिबर ओळखण्यास मदत करतात. यंत्राचा व्यास 'लीन्य' या जुन्या फ्रेंच मापात देण्याची प्रथा असून एक लीन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर होय. व्यापारमुद्रा ओळखण्यासाठी जर्मनीतील 'मिक्रोलिस्क' ही संगणकीय सूची उपलब्ध आहे. मराठी वाचकाला विषयाची तोंडओळख हवी असल्यास मराठी विश्वकोशातील घड्याळाविषयीची नोंद हा योग्य प्रारंभ ठरतो.

संस्थांपैकी ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट (१८५८), अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स (१९४३) आणि इंग्लंडमधील अँटिक्वेरियन होरॉलॉजिकल सोसायटी (१९५३) यांची नियतकालिके प्रमाण मानली जातात. भारतात हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालयातील घड्याळांचे दालन आणि बंगळुरू येथील एचएमटीचे वारसा संग्रहालय प्रत्यक्ष तुलनेसाठी उपयुक्त आहेत. लातूर किंवा नांदेडहून हैदराबाद दूर नाही. अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालण्याचा लाभ छायाचित्रांतून मिळत नाही.

तथापि, या ग्रंथांत भारतीय बाजारपेठेविषयीची माहिती फार थोडी आहे. ही उणीव स्थानिक साधनांनीच भरून काढावी लागते.

५. मराठवाड्यातील विशेष साधने

१९४८ पर्यंत मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे येथील जुन्या कागदपत्रांची कालगणना व चलन ही मुंबई इलाख्यातील कागदपत्रांहून वेगळी आहेत.

(अ) फसली सन : संस्थानात फसली सन प्रचलित होता व त्याचा आरंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होई. फसली सनात ५९० मिळविल्यास ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे होते. घड्याळाच्या झाकणावर किंवा पावतीवर '१३४०' असा आकडा आढळल्यास तो अनुक्रमांक समजून सोडून देण्यापूर्वी फसली सनाची शक्यता तपासावी.

(आ) हाली सिक्का : संस्थानाचे स्वतंत्र चलन होते. १९५० मध्ये भारतीय रुपया सोबतीला आला, तेव्हा सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर होता. १९५९ मध्ये हाली सिक्का चलनातून पूर्णपणे बाद झाला. त्यामुळे हाली सिक्क्यातील पावती ही त्यापूर्वीची असली पाहिजे. जुन्या किमतींची तुलना करतानाही चलनाचा हा फरक विसरता कामा नये.

(इ) रेल्वेच्या खुणा : मनमाड ते हैदराबाद हा नांदेडवरून जाणारा मार्ग निजामाच्या रेल्वेचा होता. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या घड्याळांवर कंपनीची आद्याक्षरे कोरण्याची प्रथा होती. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे १९३० मध्ये संस्थानाने ताब्यात घेतल्यावर तिचे नाव निजाम्स स्टेट रेल्वे झाले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाईट रेल्वे १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. म्हणून 'एन. जी. एस. आर.', 'एन. एस. आर.' आणि 'बी. एल. आर.' ही आद्याक्षरे अनुक्रमे १९३०, १९५१ आणि १९५४ या मर्यादा सुचवितात. मात्र आद्याक्षरे मागाहूनही कोरता येतात. कोरीव रेषांच्या कडा आणि झाकणाची झीज एकसारखी आहे काय, हे भिंगातून पाहणे जरूर असते.

(ई) अभिलेखागारे : संस्थानाच्या काळातील सरकारी कागदपत्रांसाठी हैदराबाद येथील राज्य अभिलेखागार आणि मुंबई इलाख्यातील व्यापारी संबंधांसाठी मुंबई येथील महाराष्ट्र शासनाचे अभिलेखागार ही प्रमुख ठिकाणे होत. तेथील पुष्कळ कागद उर्दू व फारसी भाषांत असल्याने उर्दूच्या प्राध्यापकांचे साहाय्य घेणे इष्ट ठरते.

६. मौखिक साधने

लातूरच्या गंजगोलाईसारख्या बाजारपेठांत चार-पाच दशके दुरुस्तीचा व्यवसाय केलेला घड्याळजी ही एक जिवंत नोंदवही असते. कोणत्या काळी कोणती घड्याळे दुरुस्तीस येत, सुटे भाग कोठून आणले जात, तबकड्या कोठे रंगवून मिळत, ही माहिती कोणत्याही ग्रंथात नाही. सेलवर चालणाऱ्या घड्याळांचा प्रसार झाला, पुढे भ्रमणध्वनी आला आणि हा व्यवसाय आक्रसत गेला. पुढची पिढी त्यात येत नसेल तर ही माहिती त्या व्यक्तीबरोबरच लुप्त होणार, हे उघड आहे.

मौखिक माहितीत वर्षे बहुधा चुकतात, क्रम मात्र सहसा चुकत नाही. म्हणून 'कोणत्या साली ?' असे विचारण्याऐवजी 'भूकंपाच्या आधी की नंतर ?', 'लातूर जिल्हा झाला तेव्हा दुकान कोठे होते ?' असे प्रश्न विचारावेत. लातूर जिल्ह्याची निर्मिती १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाली. अशा ज्ञात घटनांच्या आधारे काळ निश्चित करणे सोपे जाते.

७. साधनांची पारख : एचएमटीचे उदाहरण

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९५३ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झाली आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळांचे उत्पादन सुरू केले. 'जनता', 'पायलट', 'कांचन' ही तिची नावे घरोघरी पोहोचली. चावीच्या 'जनता'मधील यंत्र १७ ज्वेलचे असून त्याचा मूळ आराखडा सिटिझनचा आहे. काही तबकड्यांवर नाव व अंक देवनागरीत आहेत.

आज बाजारात दिसणाऱ्या अनेक 'जुन्या' एचएमटी घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगविलेल्या असतात. कारखान्याने कधीही न काढलेल्या भडक रंगांच्या तबकड्या जुन्या यंत्रांवर बसवून ती 'दुर्मीळ' म्हणून विकली जातात. अशा जुळवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असे उपरोधिक नावच पडले आहे. फावर-ल्युबा आणि सेको यांच्या घड्याळांबाबतही हाच अनुभव येतो. ओळखण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत : अक्षरांच्या कडा पसरट असणे, मिनिटांच्या रेघा व उठावाच्या खुणा एका ओळीत नसणे, काटे रेघांपर्यंत न पोहोचणे, तबकडीवरील ज्वेलची संख्या आणि यंत्रावरील संख्या यांत फरक असणे, झिजलेल्या केसमध्ये तबकडी मात्र कोरी करकरीत असणे.

पुन्हा रंगविलेली तबकडी म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक असे नव्हे. घड्याळ वापरात ठेवण्यासाठी मालकाने हौसेने तबकडी रंगवून घेणे, ही एकेकाळची सर्वसाधारण रीत होती. ती गोष्ट लपवून मूळ म्हणून विकणे ही फसवणूक होय. येथे विक्रेत्याचे हितसंबंध विचारात घ्यावे लागतात. ज्याला त्या विधानातून लाभ होतो, त्याचे विधान स्वतंत्र पुराव्याविना स्वीकारू नये.

ही पद्धत कशी वापरावी, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लातूरच्या एका घरात चांदीचे खिशातील घड्याळ आहे. तबकडीवर वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव, आत लाँजीनचे यंत्र, केसवर अस्वलाची मुद्रा आणि झाकणावर 'एन. जी. एस. आर.' अशी अक्षरे आहेत. आजोबांना ते १९४० मध्ये निवृत्तीच्या वेळी मिळाले, असे कुटुंबीय सांगतात. तबकडीवरील नावामुळे १८८६ ही खालची मर्यादा मिळते आणि आद्याक्षरे अस्सल असतील तर १९३० ही वरची. नेमके वर्ष उत्पादकाच्या नोंदवहीतून मिळू शकेल. कुटुंबाची आठवण त्यामुळे खोटी ठरत नाही. आधी अनेक वर्षे सेवेत वापरलेले घड्याळ निवृत्तीच्या वेळी त्यांच्याकडेच राहिले असेल. संग्राहकाने नोंदीत निर्मितीचा काळ पुराव्यासह आणि मालकीचा काळ 'कौटुंबिक माहितीनुसार' असा स्वतंत्रपणे लिहावा. दोहोंची सरमिसळ झाली की पुढील अभ्यासकाला त्यांतील खरे-खोटे वेगळे करता येत नाही.

८. महाविद्यालयीन स्तरावरील कार्य

या विषयात महाविद्यालयांना बरेच करता येण्यासारखे आहे. इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना आपल्या घरातील व गल्लीतील एकेका घड्याळाची नोंद करण्याचा प्रकल्प देता येईल. नोंदपत्रकात तबकडी, केस, यंत्र, अनुक्रमांक, कोरीव मजकूर, सोबतची कागदपत्रे, सांगणाऱ्याचे निवेदन आणि नोंदीची तारीख एवढे रकाने पुरेसे आहेत. पदार्थविज्ञान विभागाला यंत्राचे कार्य समजावून देता येईल, तर ग्रंथालयाला जुन्या नियतकालिकांतील जाहिरातींची सूची करता येईल. मालकांची नावे व पत्ते प्रसिद्ध करू नयेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व कला निधी कायदा लागू होऊ शकतो, याची कल्पनाही मालकांना द्यावी.

निष्कर्ष

१. घड्याळाच्या माहितीसाठी प्रत्यक्ष वस्तू, उत्पादकाचे अभिलेख, समकालीन मुद्रित साहित्य, संदर्भग्रंथ, मौखिक निवेदने आणि विक्रेत्याचे कथन असा विश्वासार्हतेचा सर्वसाधारण उतरता क्रम लावता येतो. मालकीच्या प्रश्नापुरता मात्र कौटुंबिक निवेदनाला अग्रक्रम द्यावा लागतो.
२. निर्मिती, विक्री आणि मालकी हे प्रश्न वेगळे ठेवल्यास बहुतेक विसंगतींचा उलगडा होतो.
३. किमान दोन स्वतंत्र साधनांनी पुष्टी मिळाल्याशिवाय कोणताही काळ निश्चित मानू नये.
४. फसली सन, हाली सिक्का व रेल्वेच्या खुणा ही मराठवाड्याची स्वतःची साधने असून परदेशी ग्रंथांत ती सापडत नाहीत. त्यांचे संकलन येथील अभ्यासकांनीच करावयास हवे.
५. वयोवृद्ध घड्याळजींची निवेदने नोंदविणे हे या सर्व कामांत सर्वाधिक निकडीचे आहे. ग्रंथ व अभिलेख पुढेही उपलब्ध राहतील. ही निवेदने तशी राहणार नाहीत.